मापाची चोळी

आषाढाचा पाऊस बांध्यांत मुरला कीं भंडारा जिल्ह्यांतील धानाच्या प्रदेशांत रोवणीची लगबग सुरू होते. पवनी तालुक्यांतील कोंढा हें त्याच प्रदेशांतील एक गांव. घोटाभर चिखलांत उभ्या राहून, कमरेंत वांकून, एका हातांतल्या जुडींतील पऱ्हे दुसऱ्या हातानें रोवीत या भागांतील स्त्रिया दिवसभर मागें मागें सरकत असतात. सायंकाळीं घरीं परतलेली अशी स्त्री कंबर दुखत असल्याचें सांगते, पायांना चिखल्या झाल्याचें सांगते. परंतु खांद्यांवर बंदांनीं पाडलेले लाल वळ आणि छातीखालीं घामानें सोललेली कातडी यांविषयीं ती सहसा कोणाशींहि बोलत नाहीं. बंद आवळले तर खांदा दुखतो, सैल सोडले तर आंतलें वस्त्र पाठीवर वर चढतें. या दोन्ही गोष्टींचा दोष ती वस्त्राला देत नाहीं. आपल्या शरीराला देते.

शहरांतील सुशिक्षित स्त्रीची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. तिच्या खांद्यांवरचे वळ कचेरींतील खुर्चीवर बसून पडतात, इतकाच काय तो फरक. ज्या वस्त्राविषयीं ही हकीकत आहे त्याला खेड्यापाड्यांत बॉडी म्हणतात. शहरांत पूर्वीं ब्रेसियर म्हणत व आतां नुसतें ब्रा म्हणतात. नांव उच्चारतांना आवाज खालीं आणावयाचा, ही रीति मात्र दोन्हीकडे एकच. साडी घेतांना दहा साड्या उलगडून पाहणारी, चप्पल घेतांना चार पावलें चालून पाहणारी चोखंदळ गृहिणी हें वस्त्र मात्र एक आंकडा पुटपुटून, कागदांत गुंडाळून, नीट न पाहतांच घरीं आणते. सबंध दिवस अंगाला चिकटून राहणाऱ्या वस्त्राची निवड सर्वांत कमी विचारानें व्हावी, हें चमत्कारिक आहे. आणि त्याची किंमत खांदा, पाठ व कातडी यांना रोज मोजावी लागते.

वस्तुतः छातीला आधार देणारें वस्त्र मराठी स्त्रीला नवें नाहीं. कंचुकी, चोळी, काचोळी हे शब्दच त्याची साक्ष देतात. सुवासिनीच्या ओटींत नारळाबरोबर खण घालतात, तो खण म्हणजे एका चोळीपुरतें कापड होय. जुन्या मराठींत त्याला चोळखण असेंहि म्हणत. बागलकोट जिल्ह्यांतील गुळेदगुड्ड येथील मागांवर विणलेले खण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रांत घरोघर गेले. या प्रथेंत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. खण देणारी स्त्री घेणारीचें माप विचारीत नसे. बारीक अंगाची नववधू असो कीं चार मुलांची आई असो, खण सारखाच. तो चालत असे, कारण चोळी अंगावर बेतून शिवीत आणि तिचीं दोन टोकें छातीखालीं गांठ मारून बांधीत. माप कापडांत थोडें आणि गांठींत अधिक होतें. गर्भारपणांत छाती भरली, गांठ सैल केली. बाळंतपणानंतर अंग उतरलें, गांठ आवळली. तान्ह्या मुलाला पाजावयाचें झालें, गांठ सोडली. रोज सकाळीं चोळी बांधणारी स्त्री नकळत रोज आपलें माप घेत होती.

पुढें झंपर आला, पोलकें आलें, मागें किंवा पुढें आंकडे लावावयाची रीति आली, आणि मग पोलक्याच्या आंत घालावयाचें तयार वस्त्र बाजारांत आलें. या वस्त्राचा इतिहास बहुधा पाश्चात्त्य देशांपासून सांगतात. अमेरिकेंतील मेरी फेल्प्स जेकब या तरुणीनें दोन रेशमी रुमाल व फीत यांपासून असें एक वस्त्र बनविलें आणि ३ नोव्हेंबर १९१४ रोजीं त्याचें पेटंट मिळविलें. पुढें तिनें तें कॉर्सेट बनविणाऱ्या वॉर्नर बंधूंच्या कंपनीला १५०० डॉलरांस विकलें. परंतु कल्पना तिच्याहि आधींची असली पाहिजे. ऑस्ट्रियांतील लेंगबर्ग येथील गढीची डागडुजी चालू असतां २००८ सालीं एका पोकळींत जुन्या कपड्यांचे तुकडे सांपडले. त्यांत कटोऱ्या असलेलीं लिनन कापडाचीं आंतलीं वस्त्रें होतीं, आणि तीं पंधराव्या शतकांतील असल्याचें संशोधनांत दिसून आलें.

गिरण्यांनीं हें वस्त्र हजारोंच्या संख्येनें बनविण्यास आरंभ केला, तेव्हां प्रत्येक स्त्रीचें माप घेणें अशक्य झालें. म्हणून घेराला आंकडे दिले गेले. परंतु एकाच घेराच्या दोन स्त्रियांची छाती सारखी भरलेली नसते, हें ध्यानांत आल्यावर कटोरीच्या खोलीला अक्षरें देण्यांत आलीं. अमेरिकेंतील कॅम्प कंपनीनें १९३२ च्या सुमारास ए, बी, सी, डी हीं अक्षरें प्रचारांत आणलीं आणि इतरांनीं तीं उचललीं. अशा रीतीनें गांठ गेली आणि आंकडा आला. गांठ बांधणारीच्या हातांत होती. आंकडा कारखान्याच्या चिठ्ठीवर आहे. तो वाचावयाचा कसा हें मात्र बहुतेक स्त्रियांना कोणीं शिकविलें नाहीं.

येथेंच सर्व घोटाळ्याचें मूळ आहे. बाजारांत नुसता एक आंकडा मागितला जातो, आणि तो पुष्कळदां छातीच्या सर्वांत भरलेल्या भागाचा किंवा पोलक्याच्या मापाचा असतो. वस्तुतः या वस्त्राला दोन मापें लागतात. पहिलें माप छातीखालील घेराचें, म्हणजे जेथें पूर्वीं चोळीची गांठ येत असे तेथील घेराचें. दुसरें माप छातीच्या पूर्ण घेराचें. आंकडा पहिल्या मापावरून ठरतो. अक्षर दोन मापांमधील फरकावरून ठरतें.

माप घेण्यास शिंप्याकडील फीत पुरते. ती नसेल तर न ताणणारी सुतळी अंगाभोंवतीं धरून नंतर फूटपट्टीवर मोजली तरी चालते. माप अंगावर जाड कपडा न ठेवतां घ्यावें. प्रथम फीत छातीच्या अगदीं खालीं, बरगड्यांभोंवतीं धरावी. ती पुढें व मागें एका पातळींत आहे कीं नाहीं हें आरशांत पाहावें, कारण पाठीवर फीत चढली किंवा उतरली कीं माप चुकतें. श्वास सहज बाहेर सोडावा, फीत अंगाशीं नीट बसूं द्यावी, परंतु ती कातडींत रुतूं देऊं नये. हें झालें पहिलें माप. नंतर फीत छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून सैलसर फिरवावी. येथें आवळल्यास माप खोटें पडतें. ज्यांची छाती जड आहे किंवा उतरलेली आहे त्यांनीं कमरेंत पुढें वांकून हें दुसरें माप पुन्हा एकदां घ्यावें आणि दोहोंची सरासरी धरावी.

आतां हिशेब. इंचांत मोजलेला छातीखालील घेर सम असेल तर त्यांत चार व विषम असेल तर पांच मिळवावे, म्हणजे पट्ट्याचा आंकडा येतो. पुष्कळ ठिकाणीं हाच संकेत चालतो. २९ किंवा ३० इंच घेर असेल तर आंकडा ३४. सेंटिमीटरांत मोजणाऱ्यांनीं असें लक्षांत ठेवावें कीं ७० च्या आसपासचा घेर म्हणजे ३२, ७५ च्या आसपासचा ३४ आणि ८० च्या आसपासचा ३६. पुढें छातीच्या पूर्ण घेरांतून हा आंकडा वजा करावा. फरक एक इंच असेल तर कटोरी ए, दोन असेल तर बी, तीन असेल तर सी, चार असेल तर डी.

उदाहरणानें हें स्पष्ट होईल. दोन जावा आहेत. दोघींच्याहि छातीचा पूर्ण घेर ३६ इंच आहे. थोरलीचा छातीखालील घेर ३० इंच. म्हणून तिचा आंकडा ३४, फरक दोन, आणि माप ३४ बी. धाकटी अंगानें सडपातळ, तिचा छातीखालील घेर २८ इंच. म्हणून आंकडा ३२, फरक चार, आणि माप ३२ डी. आतां या दोघी बाजारांत जाऊन "छत्तीस नंबर द्या" म्हणाल्या तर काय होईल? दोघींनाहि पट्टा सैल होईल; धाकटीला तर फारच सैल होईल. सैल पट्टा भार उचलीत नाहीं. मग तो भार खांद्यांवर जातो. खांद्यांचे बंद आवळावे तों पट्टा पाठीवर अधिकच वर चढतो. कोंढ्याच्या बांधींतील स्त्रीच्या खांद्यांवरचे वळ आणि कचेरींतील स्त्रीच्या मानेचें दुखणें या दोहोंचें एक कारण पुष्कळदां हेंच असतें.

तात्पर्य, या वस्त्राचा भार वाहणारा खरा भाग म्हणजे घेराचा पट्टा होय. खांद्यांचे बंद हे कटोरीला जागेवर धरण्यापुरते आहेत. डोक्यावरची पाण्याची घागर मानेवर तोललेली असते, हात तिला केवळ सांवरतो. तसेंच हें आहे.

हिशेबानें आलेलें माप ही केवळ सुरुवात समजावी. प्रत्येक कारखान्याचा तक्ता थोडा निराळा असतो. कांहीं परदेशी कारखाने तर घेरांत चार इंच मिळवीतच नाहींत. म्हणून वेष्टनावरील तक्ता आधीं पाहावा, आणि शेवटचा निर्णय अंगावर घालूनच करावा. ऑस्ट्रेलियांत या विषयाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनींहि फितीपेक्षां अंगावर बसण्याच्या कसोट्यांवर अधिक भर दिला आहे. त्या कसोट्या अवघड नाहींत.

पहिली कसोटी पट्ट्याची. नवें वस्त्र सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल आंकड्यांत अडकवावें, म्हणजे पुढें तें ताणलें तर आंतल्या आंकड्यांची सोय राहते. पट्टा पुढें व मागें एका पातळींत हवा. त्याखालीं दोन बोटें सरकावीं, मूठ सरकूं नये. दुसरी कसोटी मध्यभागाची. दोन कटोऱ्यांमधील जोड छातीच्या मधल्या हाडावर टेकलेला असावा. तो अधांतरीं राहिला तर कटोरी बहुधा लहान आहे. तिसरी कसोटी कटोरीची. वरून किंवा कांखेकडून अंग बाहेर येत असेल तर कटोरी लहान. कापडाला चुण्या पडत असतील तर मोठी. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसणें ही अगदीं सामान्य गोष्ट आहे. तेथें मोठ्या बाजूचें माप धरावें आणि दुसऱ्या बाजूचा बंद थोडा आवळावा. चौथी कसोटी बंदांची. बंदाखालीं बोट सहज जावें आणि सायंकाळीं खांद्यावर वळ नसावा. पांचवी कसोटी कामाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. दोन्ही हात वर करावे, कमरेंत वांकावें, खोल श्वास घ्यावा. रोवणी करणारीनें रोवणीचा वांक घेऊन पाहावा, भाकरी थापणारीनें बसून पाहावें, शिक्षिकेनें फळ्यावर लिहिण्यासारखा हात उचलून पाहावा. वस्त्र जागचें हललें नाहीं तर तें मापाचें.

पट्टा घट्ट वाटला पण कटोरी बरोबर बसली, तर काय करावें? अशा वेळीं आंकडा एका पायरीनें वाढवावा व अक्षर एका पायरीनें कमी करावें. ३४ बी, ३२ सी आणि ३६ ए यांच्या कटोऱ्यांत मावणारें आकारमान जवळजवळ सारखेंच असतें. हें ज्यांना ठाऊक नसतें त्या पट्टा सैल करण्यासाठीं मोठा आंकडा घेतात आणि कटोरी विनाकारण मोठी करून बसतात. आठवड्याच्या बाजारांत पुष्कळदां अक्षर नसलेला मालच मिळतो. तेथें छातीखालील घेराला धरून आंकडा निवडावा, आणि कटोरी लहान पडत असल्यास ओळखीच्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडून बेतून शिवून घ्यावें. कटोरी पोलकें बेतणाऱ्या हाताला हें काम नवें नाहीं. कापड सुती, पट्टा रुंद आणि बंद रुंद, एवढें पाहिलें तरी निम्मी तक्रार कमी होते.

अशी चूक केवळ अडाणीपणानें होते असें कोणीं समजूं नये. ऑस्ट्रेलियांतच ३० तरुण स्त्रियांची पाहणी करून २००८ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांतील शेंकडा ८० स्त्रिया चुकीच्या मापाचें वस्त्र वापरीत होत्या. शेंकडा ७० जणींचें माप लहान होतें व शेंकडा १० जणींचें मोठें. तीस ही संख्या मोठी नव्हे, परंतु जेथें दुकानांत माप घेऊन देण्याची सोय आहे अशा देशांतहि ही स्थिति आढळावी हें बोलकें आहे.

एकदां घेतलेलें माप जन्मभर टिकत नाहीं. मासिक पाळीच्या आधीं छाती थोडी भरते. गर्भारपणांत व अंगावर पाजण्याच्या काळांत ती पुष्कळच बदलते. वजन वाढलें वा घटलें, पाळी थांबली, कीं पुन्हा बदल होतो. म्हणून सहा महिन्यांनीं एकदां आणि प्रत्येक बाळंतपणानंतर माप नव्यानें घ्यावें. पाजणाऱ्या आईनें तर आवळ वस्त्र मुळींच वापरूं नये. एकाच जागीं सतत दाब पडल्यास तेथें दूध कोंडून गांठ येण्याचा व ठणका लागण्याचा संभव असतो.

वस्त्र मापाचें असूनहि एका चालीमुळें त्याचा जाच होतो, आणि ती चाल खेड्यांत आहे तशी शहरांतहि आहे. धुतलेलें वस्त्र कोणाच्या दृष्टीस पडूं नये म्हणून तें साडीखालीं किंवा टॉवेलाखालीं झांकून, अनेकदां घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत वाळविलें जातें. पावसाळ्यांत असें वस्त्र पुरतें वाळतच नाहीं. ओलसर कापड, घाम आणि घर्षण हीं तीन एकत्र आलीं कीं छातीखालच्या घडींत खाज, लाली व बुरशीचा विकार उद्भवतो. घरांतील पुरुषांचे बनियन अंगणांतील दोरीवर उन्हांत डोलतात आणि स्त्रीचें वस्त्र दमट अंधारांत राहतें, यांत शालीनता कोणती आहे याचा प्रत्येक घरानें विचार करावा. वस्त्र रोज बदलावें, आंकडे लावून हातानें धुवावें, पिळून काढूं नये, आणि मोकळ्या हवेंत पूर्ण वाळवावें.

या विषयाला चिकटलेला एक खोटा भ्रमहि दूर केला पाहिजे. असें वस्त्र घातल्यानें स्तनांचा कर्करोग होतो अशी वदंता अधूनमधून उठते. अमेरिकेंतील सिएटल येथील संशोधकांनीं पंधराशेंहून अधिक स्त्रियांच्या माहितीवरून याचा तपास केला, आणि २०१४ सालीं असा निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं दोहोंचा कांहीं संबंध आढळत नाहीं. उलट, तें न घातल्यानें रोग होतो असेंहि नाहीं. घरीं विश्रांतीच्या वेळीं, निजतांना, ज्या स्त्रीला त्यावांचून बरें वाटतें तिनें तें खुशाल बाजूला ठेवावें. हें वस्त्र स्त्रीसाठीं आहे. स्त्री वस्त्रासाठीं नाहीं.

मात्र माप घेण्याच्या संवयीचा एक मोठा लाभ आहे. जी स्त्री सहा महिन्यांनीं आरशासमोर उभी राहून आपल्या शरीराकडे संकोच न धरतां पाहते, तिला न दुखणारी गांठ, कातडीला पडलेली खळी, बोंडांतून येणारा स्राव, एका बाजूला अचानक झालेला फरक हीं लवकर ध्यानांत येतात. अशा वेळीं थांबूं नये, जवळच्या आरोग्य केंद्रांत जाऊन दाखवावें. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ सालीं सुमारें दीड लाख स्त्रियांवर एक दीर्घ प्रयोग सुरू केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं केवळ हातानें तपासणी केली. वीस वर्षांच्या अनुभवाचे निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाले, तेव्हां असें दिसलें कीं तपासणी झालेल्या गटांत रोग अधिक लवकरच्या अवस्थेंत सांपडला, आणि पन्नाशीच्या व त्यापुढील स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ शेंकडा ३० नीं कमी झाले. यंत्र नाहीं, मोठा खर्च नाहीं. केवळ शिकलेला हात आणि दाखविण्याची तयारी. दाखविण्याची तयारी संकोचानें अडते, आणि त्या संकोचाची पहिली गांठ मुलीच्या वयांत येण्याच्या काळांतच घट्ट बसते.

म्हणून या कामाला आरंभ घरांतून झाला पाहिजे. मुलगी बारा-तेरा वर्षांची होते, तेव्हां आई किंवा थोरली बहीण बाजारांतून अंदाजानें एक वस्त्र आणून तिच्यापुढें टाकते आणि विषय संपतो. त्याऐवजीं तिला जवळ बोलावून फीत कशी धरावयाची हें दाखवावें, दोन मापें तिच्या हातानेंच कागदावर लिहूं द्यावीं, आणि माप बसलें नाहीं तर चूक वस्त्राची आहे, तुझी नव्हे, एवढें एक वाक्य तिला सांगावें. हें काम पांच मिनिटांचें आहे, आणि त्याचा उपयोग तिला जन्मभर होतो.

जुन्या चोळीची गांठ आतां परत येणार नाहीं, आणि ती यावी असा आग्रह धरण्याचें कारणहि नाहीं. परंतु त्या गांठींत जें शहाणपण होतें तें परत आणतां येण्यासारखें आहे. आपल्या शरीराचें माप आपल्या हातांत असावें, तें बदललें कीं वस्त्र बदलावें, आणि वस्त्रानें शरीराप्रमाणें वागावें. पुढल्या आषाढांत बांधींत उतरणाऱ्या स्त्रीची कंबर दुखेल, कारण तें काम कष्टाचें आहे. तिच्या खांद्यांवरचे वळ मात्र टाळतां येतात. त्यासाठीं घरांतील एक फीत आणि थोडें मोकळें बोलणें पुरेसें आहे.